कोकणच्या खाड्यांतील जलप्रवास : भरतीचे गणित आणि धक्क्याचे गाव

सह्याद्रीच्या पश्चिम उतारावर उगम पावणाऱ्या कोकणच्या नद्या लांबीने लहान आहेत. परंतु समुद्राला मिळण्यापूर्वी त्यांची पात्रे रुंदावतात, भरतीचे पाणी त्यांत कित्येक किलोमीटर आत शिरते आणि खाड्या निर्माण होतात. धरमतर, रेवदंडा, राजपुरी, बाणकोट, दाभोळ, जयगड, विजयदुर्ग ही खाड्यांची मालिका उत्तरेकडून दक्षिणेकडे पसरलेली आहे. रस्त्याने जाणाऱ्यास या खाड्या अडथळा वाटतात. जलमार्गाने जाणाऱ्यास मात्र त्याच वाटा ठरतात.

एके काळी कोकणची बहुतेक सारी दळणवळणाची भिस्त या वाटांवर होती. राजापूर, संगमेश्वर, महाड, चिपळूणजवळील गोवळकोट ही समुद्रापासून बरीच आत असलेली गावे भरतीच्या पाण्यावर येणाऱ्या गलबतांमुळेच व्यापारी पेठा बनली. पुढे आगबोटी आल्या. मुंबईचा चाकरमानी भाऊच्या धक्क्यावर बोटीत बसे आणि रत्नागिरी, मालवण, वेंगुर्ले यांसारख्या बंदरांत पोहोचे. जेथे बोट धक्क्याला लागू शकत नसे, तेथे ती दूर समुद्रात उभी राही व उतारूंना पडावातून किनाऱ्यावर आणले जाई. कालांतराने रस्ते सुधारले, एस. टी. गावोगावी पोहोचली आणि १९९८ मध्ये कोकण रेल्वे संपूर्ण मार्गावर धावू लागली. आगबोटींचे युग संपले. खाड्या मात्र आहेत तेथेच आहेत आणि त्यांच्या उपयोगाचा प्रश्न आज नव्याने पुढे आला आहे.

तिथी आणि भरती

मोटार रस्त्यावर धावते ती केव्हाही. खाडीतील लाँच धावते ती पाण्याच्या वेळेप्रमाणे. भरती आणि ओहोटी, अथवा किनाऱ्यावरील भाषेत भरती आणि सुकती, यांचे चक्र सुमारे १२ तास २५ मिनिटांचे असते. त्यामुळे भरतीची वेळ दररोज साधारण पाऊण तासाने किंवा त्याहून थोडी अधिक पुढे सरकते. या निरीक्षणावरूनच तिथीची पाऊणपट करून भरतीची वेळ काढण्याची जुनी रीत पडली आहे. चतुर्थीस चाराची पाऊणपट तीन, म्हणजे भरती सुमारे तीन वाजता. अष्टमीस आठाची पाऊणपट सहा, म्हणजे सहाच्या सुमारास. पौर्णिमेनंतर तिथी पुन्हा प्रतिपदेपासून मोजावयाची. हा हिशेब स्थूल आहे. तो मुख्यतः मुंबईच्या आसपासच्या किनाऱ्यास लागू पडतो आणि खाडीत जसजसे आत जावे तसतशी भरती उशिरा पोहोचते. शाळेतील विद्यार्थ्यांना पंचांग, चंद्र आणि समुद्र यांचा संबंध समजावून देण्यास याहून सोपे उदाहरण क्वचितच सापडेल.

अमावास्या व पौर्णिमा यांच्या सुमारास उधाणाची भरती येते, तर अष्टमीच्या सुमारास भांगाची. उधाणाच्या दिवशी मुंबईजवळ भरती व ओहोटी यांच्या पातळीत चार मीटरहून अधिक फरक पडतो. दक्षिणेकडे हा फरक कमी होत जातो आणि सिंधुदुर्गाच्या किनाऱ्यावर तो दोन मीटरच्या आसपास राहतो. याचा व्यावहारिक अर्थ ध्यानात घेण्याजोगा आहे. सकाळी ज्या धक्क्याच्या वरच्या पायरीवर उतारू सहज पाऊल ठेवतो, त्याच धक्क्याखाली दुपारी चिखल उघडा पडलेला असू शकतो. म्हणून धक्का बांधताना तो ओहोटीच्या पाण्यापर्यंत न्यावा लागतो किंवा पाण्याबरोबर वरखाली होणारा तरंगता धक्का बसवावा लागतो.

मुखाशी दांडा, पात्रात गाळ

खाडीत शिरणे हीच या प्रवासातील अवघड बाब होय. नदी डोंगरातून गाळ आणते, समुद्राच्या लाटा किनाऱ्यावरील वाळू लोटतात आणि दोहोंच्या संगमावर वाळूचा दांडा तयार होतो. दर पावसाळ्यानंतर त्याचा आकार व जागा बदलते. गतवर्षीची वाट यंदा खोल असेलच असे नाही. अनुभवी तांडेल लाटा कोठे फुटतात यावरून उथळ जागा ओळखतो आणि चढत्या भरतीवर आत शिरतो. चढत्या पाण्यात बोट वाळूत रुतली तरी थोड्या वेळाने ती उचलली जाते. उतरत्या पाण्यात रुतली तर पुढील भरतीपर्यंत तेथेच अडकून पडते.

पात्रातील गाळाचा प्रश्न याहून गंभीर आहे. राजापूरचा धक्का गलबतांना दुरावला तो गाळामुळेच. डोंगरउतारावरील झाड तुटले की उघडी पडलेली माती खाडीत येऊन बसते. बंदर खात्याने गाळ काढावयाचा आणि वरच्या गावांनी तो पुन्हा पाठवावयाचा, हे चक्र थांबल्याखेरीज कोणताही जलमार्ग टिकणार नाही. जलमार्गाचे रक्षण धक्क्यावर नव्हे, तर डोंगरावर सुरू होते.

आजची स्थिती

महाराष्ट्रातील लहान बंदरांचा कारभार १९९६ मध्ये स्थापन झालेल्या महाराष्ट्र सागरी मंडळाकडे आहे. राष्ट्रीय जलमार्ग अधिनियम, २०१६ अन्वये देशातील १११ जलमार्ग राष्ट्रीय म्हणून घोषित झाले. त्यांत अंबा नदी, रेवदंडा खाडी व कुंडलिका, राजपुरी खाडी, बाणकोट खाडी व सावित्री, दाभोळ खाडी व वाशिष्ठी, जयगड खाडी व शास्त्री यांचा समावेश आहे. घोषणा झाली म्हणजे मार्ग तयार झाला असे नव्हे. अंबा नदीच्या मुखाकडील भागात बार्जेसद्वारे औद्योगिक मालाची मोठी वाहतूक होते. इतर अनेक खाड्यांत मात्र मासेमारी नौका व तरी यांचीच ये-जा प्रामुख्याने दिसते.

प्रवासी वाहतुकीचे यश मुख्यतः दोन प्रकारांत दिसून येते. पहिला प्रकार मुंबई बंदरातील. मुंबईहून अलिबागला रस्त्याने सुमारे १०० किलोमीटर जावे लागते. लाँचने मांडव्यास सुमारे तासाभरात पोहोचता येते. २०२० मध्ये भाऊचा धक्का ते मांडवा या मार्गावर मोटारींसह उतारू नेणारी रो-रो सेवा सुरू झाली. दुसरा प्रकार खाडी ओलांडणाऱ्या फेरीबोटींचा. आगरदांडा ते दिघी, वेश्वी ते बागमांडला, दाभोळ ते धोपावे, तवसाळ ते जयगड अशा सेवांनी किनाऱ्याची गावे एकमेकांस जोडली. दाभोळहून धोपाव्यास बोटीने काही मिनिटे लागतात. चिपळूणमार्गे वळसा घातल्यास काही तास मोडतात. रेवस ते रेड्डी या सागरी महामार्गावर मोठ्या खाड्यांवर पूल बांधण्याची योजना हाती घेण्यात आलेली आहे. हे पूल झाल्यावर फेरीबोटींचे व त्यांवर अवलंबून असलेल्या धक्क्यांवरील दुकानांचे काय होणार, याचा विचार संबंधित गावांनी आतापासूनच करावयास हवा.

सुरक्षितता

१७ जुलै १९४७ रोजी मुंबईहून रेवसकडे निघालेली 'रामदास' ही आगबोट काश्याच्या खडकाजवळ उलटली आणि ६०० हून अधिक उतारू प्राणांस मुकले. गटारी अमावास्येसाठी गावी निघालेली ती माणसे होती. पावसाळ्यात प्रवासी लाँच बंद का ठेवतात, याचे उत्तर या घटनेत आहे. १८ डिसेंबर २०२४ रोजी निरभ्र दिवशी घारापुरीस निघालेल्या प्रवासी बोटीस वेगवान बोटीची धडक बसली आणि पुन्हा अनेकांचे प्राण गेले. धोका केवळ वादळाचा नसतो, हे त्यावरून दिसून आले.

१९१७ च्या जुन्या कायद्याची जागा घेणाऱ्या अंतर्गत जहाज अधिनियम, २०२१ मध्ये यंत्रचालित बोटींची नोंदणी, तपासणी, खलाशांचे प्रमाणपत्र आणि विमा यांच्या तरतुदी आहेत. तथापि, बोट सुटण्यापूर्वी उतारूंची संख्या मोजणे आणि प्रत्येकाच्या अंगावर जीवरक्षक जाकीट आहे की नाही हे पाहणे, ही कामे धक्क्यावरच व्हावयाची असतात. परवान्यावरील संख्या धक्क्यावर ठळक अक्षरांत लिहिलेली असेल, तर उतारू स्वतःच जादा माणसास अडवू शकतो.

धक्क्याच्या गावाने काय करावे?

परदेशांत खासगी मोटारबोटी बाळगणारे लोक किनाऱ्याने प्रवास करीत गावोगावच्या मरीनांत मुक्काम करतात. मरीना म्हणजे बोट बांधण्याची सुरक्षित जागा. तेथे इंधन, पिण्याचे पाणी, वीज व दुरुस्तीची सोय असते. केरळात कोचीजवळ बोलगट्टी बेटावर अशी सोय करण्यात आली आहे. कोकणातील प्रत्येक गावी तेवढा खर्च शक्य नाही, आवश्यकही नाही. पण मरीनाचा गाभा, म्हणजे उतरणाऱ्या माणसाची निगा, लहान धक्क्यावरही आणता येतो. सावली, पिण्याचे पाणी, स्वच्छतागृह, रात्रीचा दिवा, भरतीच्या वेळांचा फलक आणि धक्क्यापासून गावात जाणारा धड रस्ता एवढ्याने आरंभ होऊ शकतो. घारापुरी ग्रामपंचायत बेटावर येणाऱ्या पर्यटकांकडून अल्प कर घेते. धक्क्यावरील सोयींसाठी उत्पन्नाचे साधन गावापाशीच असू शकते, याचे हे उदाहरण होय.

मात्र काही पथ्ये पाळावी लागतील. कांदळवन काठ धरून ठेवते व मासळीच्या पिलांना आसरा देते. मुंबई उच्च न्यायालयाच्या २०१८ च्या निर्णयाने त्याच्या तोडीस मनाई आहे. वेगाने जाणाऱ्या बोटीच्या लाटा खारभूमीच्या बांधांवर आदळतात. बांध फुटला की खारे पाणी भातशेतीत शिरते आणि ती जमीन पुन्हा पिकाखाली येण्यास काही वर्षे जातात. म्हणून अरुंद खाडीत बोटींची गती मर्यादित ठेवणे आणि मच्छीमारांच्या जाळ्यांच्या जागा आधीच मुक्रर करणे अगत्याचे ठरते.

खाडीतील वाट कोणी बांधून दिलेली नाही. निसर्गाने दिलेली ही वाट दर भरतीला उघडते आणि दर सुकतीला मिटते. ती कायमची मिटू नये, हे पाहण्याची जबाबदारी मात्र डोंगरावरच्या गावापासून धक्क्यावरच्या गावापर्यंत सर्वांची आहे.