सांदवाडीतली हजेरी

नागपूरच्या माणसाला पक्षी पाहायचे म्हटले की आधी गाडी काढावीशी वाटते. पेंच, ताडोबा, नवेगावबांध, उमरेड-कऱ्हांडला ही नावे ओठांवर तयारच असतात. तिथे जाऊ नये असे मी म्हणणार नाही, मीही जातो. पण गेली वीसेक वर्षे ज्या जागेची मी नोंदवही ठेवली आहे, ती कळमेश्वर तालुक्यातल्या आमच्या घराची सांदवाडी. विदर्भाबाहेरच्या वाचकांसाठी सांगतो, सांदवाडी म्हणजे घरामागची कुंपणातली जागा. इतरत्र तिला परस, परसदार किंवा परडे म्हणतात.

मी प्राणिशास्त्राचा विद्यार्थी नव्हे. वाणिज्य शाखेची पदवी घेतली, पुढे हिशेबाची नोकरी केली. पक्ष्यांबद्दल जे कळते ते पुस्तकांतून आणि डोळ्यांनी. हिशेबाच्या सवयीमुळे असेल, पण कोणता पक्षी दिसला यापेक्षा तो कशासाठी आला, हा रकाना मला महत्त्वाचा वाटू लागला. त्या रकान्यातून जे हाती आले ते असे: सांदवाडीतले पक्षी झाडांमागे येतात हे अर्धेच खरे आहे. ते घरातल्या कामांमागे येतात. काम बंद पडले की पक्ष्याची हजेरी बंद होते, झाड मात्र जागेवरच असते.

घराभोवतीच्या जिवांकडे असे पाहण्याची परंपरा महाराष्ट्रात जुनी आहे. १८५१ साली साताऱ्यात जन्मलेले एडवर्ड हॅमिल्टन एटकेन मीठ आणि जकातीच्या खात्यात नोकरीला होते. त्यांचे 'द ट्राइब्ज ऑन माय फ्रंटियर' हे पुस्तक १८८३ चे. शिकारकथांच्या त्या काळात या गृहस्थाने बंगल्यातले उंदीर, मुंग्या, बेडूक, वटवाघळे आणि कावळे यांच्यावर पुस्तक लिहिले, तेही मिश्कील ढंगात. त्याच वर्षी मुंबईत बॉम्बे नॅचरल हिस्टरी सोसायटी स्थापन झाली. तिच्या आठ संस्थापकांत एटकेन होते.

दुसरे उदाहरण सालिम अलींचे. १९३० साली ते जर्मनीतले शिक्षण आटोपून परतले तेव्हा हाताशी नोकरी नव्हती. अलिबागजवळच्या किहीमला ते राहायला गेले आणि घराजवळच सुगरणींची वसाहत होती. पावसाळाभर त्यांनी ती पाहिली. नर अर्धवट खोपा विणून थांबतो; मादी येऊन खोपा तपासते; तिला पसंत पडला तरच नर खालची नळी विणून तो पुरा करतो; ती अंड्यांवर बसली की पठ्ठ्या दुसरा खोपा सुरू करतो आणि दुसरी मादी मिळवतो. जोडीने सुखाचा संसार करणारा पक्षी म्हणून आपण ज्याचे कौतुक करत होतो, त्याची खरी रीत बेकारीच्या दिवसांत घराशेजारी बसून पाहणाऱ्या माणसाला सापडली. १९३१ साली हे निरीक्षण छापून आले.

आता आमच्या सांदवाडीकडे वळतो. सुरुवात चिमणीपासून करतो, कारण चिमणीबद्दल सर्वांत जास्त बोलले जाते आणि त्यातले बरेच अर्धवट असते.

कवेलूच्या छपरात वाशांशेजारी बोटभर फटी असायच्या. भिंत मातीची असली तर तिच्यात पोकळ्या असायच्या. चिमणीला घरट्यासाठी एवढे पुरे. गावात स्लॅब आले, भिंती सिमेंटच्या झाल्या आणि फटी बुजल्या. एवढे सगळ्यांना माहीत आहे, म्हणून लोक लाकडी घरटी टांगतात. टांगावीत. भोक सव्वा इंचाचे ठेवावे, मोठे ठेवले तर साळुंकी घुसते. पत्र्याचे घरटे पश्चिमेच्या भिंतीवर मुळीच नको. मे महिन्यात आमच्याकडे पारा ४५ च्या वर जातो, त्यात पिले भाजून निघतात.

पण घरटे हा प्रश्नाचा लहान भाग आहे. चिमणी स्वतः दाणे खाते. पिलांना मात्र पहिले काही दिवस अळ्या, नाकतोडे, कोळी असे मऊ किडे भरवते. नुसते तांदूळ टाकून पिले वाढत नाहीत. हे किडे येत कुठून? उकिरड्यातून, वालाच्या आणि दोडक्याच्या मांडवावरून, कोठ्यातल्या शेणाभोवतीच्या माश्यांतून. नोंदवहीत पिलांना चारा नेणाऱ्या चिमण्यांची दिशा मी लिहीत असे. बहुतेक खेपा उकिरड्याकडे आणि मांडवाकडे. दाण्यांच्या ताटलीकडे मोठ्या चिमण्या फुरसतीच्या वेळी फिरकायच्या.

आणखी एक गोष्ट आहे धुळीची. चिमण्या मातीत खळगा करून अंग घुसळतात. पिसांतले जादा तेल आणि उवा-पिसवांसारखे जीव त्या धुळीने निघतात. पूर्वी अंगणाचा एक कोपरा तसा भुसभुशीत असेच. आता गावोगाव अंगणात गट्टू बसतात. स्वच्छ दिसते खरे. चिमणीला मात्र आंघोळीची जागा उरत नाही.

मोरीचे पाणी हा दुसरा मोठा अन्नदाता. न्हाणीचे आणि भांड्यांचे पाणी सांदवाडीत जाऊन अळू आणि केळीच्या बुडाशी मुरायचे. तिथली जमीन उन्हाळ्यातही ओली, म्हणून गांडुळे वर. हुदहुद लांब चोच खुपसून तिथेच अळ्या काढायचा. दयाळ पहाटे यायचा. हिवाळ्यात धोबी शेपटी हलवत फिरायचा. शिंपी रुंद पानांच्या कडा टोचून घरटे शिवतो आणि त्यासाठी कोळ्याच्या जाळ्याचे धागे किंवा कापूस वापरतो. कापसाच्या मुलखात त्याला दोऱ्याची ददात नाही. वेचणीच्या दिवसांत दारातच बोंडांचे तंतू पडलेले असतात. आता सांडपाणी बंद शोषखड्ड्यात जाते. डासांच्या दृष्टीने हे चांगलेच झाले, त्यावर मी वाद घालणार नाही. मात्र हुदहुदाच्या नोंदी विरळ होत गेल्या, त्याही त्याच काळात.

कुंपणही असेच. बोरी-बाभळीच्या फांद्या, पऱ्हाटी, मध्ये उगवलेली मेंदी आणि सागरगोटी, खाली वर्षानुवर्षांचा पालापाचोळा. या पाचोळ्यात सातभाई एकामागे एक उड्या मारत पाने उलटायचे. वर बुलबुलाचे घरटे, खाली मुंगसाचा रस्ता, त्याच्याच आसपास धामण. उंदरांचा बंदोबस्त या दोघांनी आणि पिंगळ्याने वाटून घेतलेला. तारेची जाळी आली की जनावरे अडतात, ढोरे पिकात शिरत नाहीत, हे बरोबर. पण जाळीला पाचोळा धरून ठेवता येत नाही.

कोठ्याबद्दल थोडक्यात. चरणाऱ्या बैलांच्या खुरांनी गवतातले किडे उडतात. गायबगळे पायांशी चालतात, कोतवाल पाठीवर बसून झडप घालतो, साळुंक्या दोन्हीकडे. ट्रॅक्टरमागेही बगळे येतात, पण ट्रॅक्टर नांगरणीचे चार दिवस असतो, बैल रोज चरायला जात. पोळ्याला सजवायला बैल शोधावे लागतात अशी वेळ काही घरांवर आली आहे. त्या घरांभोवती कोतवालही कमी बसतो.

कोठ्यातले काम आकाशापर्यंत कसे पोहोचते याचा सर्वांत भयंकर दाखला गिधाडांचा. ढोरांना दिले जाणारे डायक्लोफिनॅक हे वेदनाशामक मेलेल्या जनावराच्या मांसातून गिधाडांच्या पोटात गेले आणि त्यांची मूत्रपिंडे निकामी झाली. २००४ साली हे कारण सिद्ध झाले, २००६ साली जनावरांसाठी त्या औषधावर भारतात बंदी आली. तोवर तीन जातींची गिधाडे जवळजवळ संपली होती. ही घसरण शास्त्रीयदृष्ट्या दाखवता आली, कारण भरतपूरच्या केवलादेव राष्ट्रीय उद्यानात विभू प्रकाश यांनी १९८० च्या दशकात, गिधाडे मुबलक असताना, त्यांची मोजदाद करून ठेवली होती. मुबलक गोष्ट कोण मोजतो? आमच्या शेजारच्या काकूंनी मला एकदा विचारलेच होते, "भाऊ, कावडाबी लिवता का जी तुमी?" लिहितो. कावळा पहिला लिहितो.

ज्वारीची कथा सांदवाडीच्या थोडी बाहेरची आहे, पण कणसे वाळत घरीच पडायची म्हणून ती इथे येते. मध्य आशियाकडून हिवाळ्यात येणाऱ्या भोरड्या ज्वारीवर ढगासारख्या उतरत. पोरे माळ्यावर गोफणी घेऊन बसत. सोयाबीनने ज्वारीचा पेरा खाल्ला, गोफणी अडगळीत गेल्या. भोरड्या आजही येतात, पण मला त्या आता जास्त दिसतात त्या फेब्रुवारी-मार्चमध्ये, पळस आणि काटेसावरीच्या फुलांवर. पळसमैना हे त्यांचे दुसरे नाव तिथूनच आले असावे.

आणि नीलकंठ. दसऱ्याला नीलकंठाचे दर्शन शुभ, ही समजूत विदर्भात अजून जिवंत आहे. सोने लुटायच्या आधी आमच्याकडे लोक शेताच्या बांधावर एक चक्कर मारतात ती त्यासाठी. नावात कंठ निळा असला तरी या पक्ष्याचा गळा तपकिरी-जांभळट असतो. निळाई पंखांत असते आणि तो उडाल्याशिवाय ती पुरती दिसत नाही. तारेवर, खुंटावर, बंडीच्या जुवावर तो निश्चल बसतो, जमिनीवर नाकतोडा किंवा भुंगेरा हलला की खाली झेपावतो. म्हणजे त्याला तीन गोष्टी लागतात: बसायला उंच जागा, खाली उघडी किंवा आखूड गवताची जमीन, आणि तिथे मोठे किडे. पूर्वी खळे हे त्याचे ठरलेले ठिकाण होते. चौथी गरज घरट्याची. त्यासाठी जुन्या किंवा वाळलेल्या झाडाची ढोली लागते.

तारा आज पूर्वीपेक्षा जास्त आहेत, तेव्हा बसायची अडचण नाही. अडचण खालची आहे. खळे गेले, मळणी यंत्र शेतातच येते. कपाशी-सोयाबीनवर फवारे वाढले. वाळलेले झाड पाडायला तर कोणाचीच हरकत नसते. यातले कोणते कारण किती, हे एका सांदवाडीवरून ठरवता येणार नाही, आणि तसे ठरवणाऱ्यांचा मला थोडा संशयच येतो. पण नीलकंठ कमी होतो आहे ही एकट्या माझ्या वहीची तक्रार नाही. 'स्टेट ऑफ इंडियाज बर्ड्स' या २०२३ च्या अहवालात ९४२ जातींचा आढावा घेतला आहे. ज्या १४ जातींचा जागतिक धोक्याचा दर्जा पुन्हा तपासावा असे त्यात सुचवले, त्यांत नीलकंठ आहे. ज्याला तेलंगणाने पालापिट्टा म्हणून राज्यपक्षी केले, तोच हा. याच अहवालानुसार कोकिळ आणि मोर वाढले आहेत. चिमणीबद्दल २०२० च्या अहवालाचे म्हणणे असे, की मोठ्या शहरांत ती घटली, देशभराचा विचार करता मात्र बऱ्यापैकी टिकून आहे. म्हणून चिमणीसाठी गळा काढणाऱ्यांनी थोडे अश्रू नीलकंठासाठी राखून ठेवावेत.

हे आकडे कसे येतात ते समजून घेण्यासारखे आहे. तीस हजारांहून अधिक पक्षीनिरीक्षकांनी ई-बर्ड या संकेतस्थळावर भरलेल्या याद्यांवर २०२३ चा अहवाल उभा आहे. देशातले सगळे नीलकंठ कोणी मोजत नाही. शंभर याद्यांपैकी किती याद्यांत नीलकंठ आहे, हे पाहतात, आणि तो आकडा वर्षागणिक चढतो की उतरतो ते तपासतात. यासाठी यादी पूर्ण हवी. म्हणजे पंधरा मिनिटांत जे जे ओळखता आले ते सगळे, कावळ्या-साळुंकीसह. फक्त दुर्मीळ पक्षी लिहिणाऱ्याची यादी या हिशेबात निकामी. ज्या दिवशी नीलकंठ दिसला नाही त्या दिवसाची पूर्ण यादीही तितकीच मोलाची, कारण न दिसणे हेही तीत आपोआप नोंदले जाते. जमाखर्चात शून्य लिहावेच लागते, तसेच.

ज्यांना सुरुवात करायची आहे त्यांच्यासाठी मुहूर्त जवळच आहे. मारुती चितमपल्लींचा जन्मदिवस ५ नोव्हेंबर, सालिम अलींचा १२ नोव्हेंबर; या दोन तारखांमधला आठवडा महाराष्ट्रात पक्षी सप्ताह म्हणून पाळतात. फेब्रुवारीत चार दिवस 'ग्रेट बॅकयार्ड बर्ड काउंट' असतो, भारत त्यात २०१३ पासून आहे आणि अंगणातून केलेली पंधरा मिनिटांची यादी त्यात चालते. वेळ एकच ठेवावी. जागा एकच ठेवावी. माझी वेळ सकाळची, चहा झाल्यावरची. पाण्याचे मातीचे भांडे उथळ असावे, दोन बोटे पाणी, मध्ये एक दगड. पाणी रोज बदलावे, म्हणजे डासांच्या अळ्यांना आठवडा मिळत नाही.

घरात आता बैल नाहीत आणि खळेही परत येणार नाही. जे हातात होते तेवढे आम्ही ठेवले आहे. भांडी घासण्याचे थोडे पाणी अळूला सोडतो. उत्तरेच्या बाजूला जाळीच्या आत बोरीचे काटे आणि पाचोळा तसाच आहे, सातभाई येतात. एका कोपऱ्यात गट्टू बसवू दिले नाहीत. आणि विहिरीजवळचा कडुनिंब चार वर्षांपूर्वी वाळला, तो अजून उभा आहे. घरापासून लांब आहे, पडला तरी कोणावर पडणार नाही. त्याच्या ढोलीत सध्या पिंगळ्यांची जोडी राहते. थिरथिरा याही वर्षी ऑक्टोबरच्या पहिल्या पंधरवड्यात आला आणि त्याच निंबाच्या फांदीवर शेपटी थरथरवत बसू लागला. दसऱ्याच्या सकाळच्या यादीत नीलकंठ नव्हता. दुसऱ्या दिवशी होता, शेजारच्या शेतातल्या विजेच्या तारेवर.