खांद्याचा सांधा : घाई नको, हयगयही नको

गतवर्षी श्रावणात साताऱ्याहून पुतण्याचा दूरध्वनी आला. यवतेश्वर घाटात दुचाकी घसरून तो खांद्यावर आपटला होता आणि खांद्याच्या टोकाशी हाड वर आलेले दिसत होते. घरात दोन तट पडले होते. वडीलधारी मंडळी म्हणत होती, 'हाड बसवणाऱ्याकडे न्या.' तरुण मंडळींचे म्हणणे होते, 'उद्याच शस्त्रक्रिया करू, सणासुदीत दुकान अडायला नको.' मी दोघांनाही थांबवले, कारण या दुखण्याची किंमत मी स्वतः मोजली आहे.

आपण 'खांदा निखळला' म्हणतो, तेव्हा बहुधा दंडाच्या हाडाचा गोळा खोबणीतून बाहेर आलेला असतो. येथे प्रकार निराळा आहे. कॉलर बोन खांद्याच्या फऱ्याच्या टोकाला जिथे मिळते, तो लहानसा सांधा सुटतो. डॉक्टर त्याला ए.सी. जॉइंट म्हणतात. फऱ्याच्या पुढच्या, चोचीसारख्या उंचवट्यापासून निघणारे दोन बळकट अस्थिबंध कॉलर बोनला बांधून ठेवतात. ते तुटले की हाताच्या भाराने खांदा खाली उतरतो आणि हाड वर उचलल्यासारखे दिसते. पेटीच्या पट्टीप्रमाणे ते दाबले की खाली जाते, सोडले की वर येते. मूळ बंधच तुटलेले असल्यामुळे कोणी झटका देऊन ते बसवले, तरी टिकत नाही.

अमेरिकेतील शल्यविशारद चार्ल्स रॉकवुड यांनी या दुखापतीचे सहा प्रकार सांगितले. पहिल्या दोन प्रकारांत गळ्यातील झोळी, विश्रांती आणि व्यायाम पुरतात. चौथ्या, पाचव्या व सहाव्या प्रकारांत हाड फारच सरकलेले असल्याने सामान्यतः शस्त्रक्रिया सुचवली जाते. खरा पेच तिसऱ्या प्रकाराचा. २०१५ साली कॅनडातील अस्थिशल्यविशारदांच्या एका गटाने बरीच सुटलेल्या सांध्यांच्या ८३ रुग्णांचा अभ्यास प्रसिद्ध केला. हुक प्लेट बसवलेल्या रुग्णांपेक्षा शस्त्रक्रिया न केलेल्यांचा हात पहिल्या काही महिन्यांत अधिक चांगला चालत होता. दोन वर्षांनी दोघांत विशेष फरक उरला नव्हता.

जिथे शस्त्रक्रिया आवश्यक असते, तिथे वेळेला मोल आहे. साधारण पहिल्या तीन आठवड्यांत हुक प्लेटने किंवा मजबूत दोरा व धातूच्या छोट्या बटणांनी हाड जागेवर धरले, तर तुटलेले बंध आपोआप भरून येण्यास वाव मिळतो. हुक प्लेट पुढे काही महिन्यांनी काढावी लागते. फार उशीर झाला, तर बहुधा नवा बंध तयार करावा लागतो आणि त्यासाठी अनेकदा रुग्णाच्याच मांडीमागील स्नायुबंध घेतात.

माझ्याकडून हाच उशीर झाला. १९९६ साली सांगलीत स्कूटरवरून पडलो, तेव्हा शाखेत मार्चअखेरची धांदल होती. तेल लावून चोळून घेत जून गाठला. तोवर मूळ बंध जुळण्याची वेळ टळली होती. शेवटी खांद्यातलाच दुसरा अस्थिबंध कॉलर बोनकडे वळवण्याची, वीव्हर आणि डन यांनी १९७२ साली मांडलेली शस्त्रक्रिया करावी लागली. हिशेबाच्या वह्या वेळेवर बंद झाल्या. खांद्याचे खाते मात्र उघडेच राहिले. आजही जड पिशवी घेऊन जिना चढताना तो आठवण करून देतो.

म्हणून पुतण्याला मिरजेला बोलावले. डॉ. विल्यम वॉन्लेस यांनी १८९४ मध्ये तेथे रुग्णालय उभारले, तेव्हापासून दूरदूरचे रुग्ण मिरजेची वाट धरत आले आहेत. तेथील अस्थिरोगतज्ज्ञांनी दोन्ही खांद्यांची क्ष-किरण छायाचित्रे शेजारी ठेवून तुलना केली आणि निदान सांगितले : तिसरा प्रकार. झोळी, मग व्यायाम आणि तीन आठवड्यांच्या आत फेरतपासणी. शस्त्रक्रियेची गरज पडली नाही. दिवाळीनंतर तो दुकानाचे शटर स्वतः उचलू लागला. खांद्यावरचा लहानसा उंचवटा राहिला आहे. त्याची त्याला खंत नाही.

वाचकांनी अशा प्रसंगी तज्ज्ञांना तीन प्रश्न अवश्य विचारावेत : प्रकार कोणता? शस्त्रक्रिया न केल्यास काय होईल? निर्णयासाठी किती दिवस हाती आहेत? व्यवहारात आपण मालाची पारख केल्याशिवाय सौदा करीत नाही आणि मुदत टळूही देत नाही. देहाच्या बाबतीतही हाच नियम पाळावा.