तहकुबी सूचना

विधिमंडळाचे नियोजित कामकाज बाजूस ठेवून तातडीच्या सार्वजनिक महत्त्वाच्या निश्चित बाबीवर चर्चा व्हावी, यासाठी सदस्याने मांडावयाची सूचना. तीस स्थगन प्रस्ताव असेही म्हणतात. सभागृहाचा कार्यक्रम बहुतांशी शासन ठरवीत असल्याने, शासनास त्वरित जाब विचारण्याचे विरोधी पक्षाच्या हातातील हे प्रभावी साधन होय. परंतु त्याचा सरसकट वापर झाल्यास विधेयके, अर्थसंकल्प यांसारखी कामे खोळंबतात. या दोहोंत समतोल साधणे, हा यासंबंधीच्या नियमांचा हेतू आहे.

ब्रिटिश कॉमन्स सभागृहात आयरिश सदस्यांच्या अडवणुकीमुळे १८८२ मध्ये या सूचनेवर निर्बंध आले व ४० सदस्यांचा पाठिंबा आवश्यक ठरला. भारतात १९१९ च्या कायद्यान्वये स्थापन झालेल्या केंद्रीय विधानसभेत ती प्रचारात आली. तेथील कार्यकारी मंडळ विधानसभेस जबाबदार नसल्याने सूचना संमत होऊनही सत्तांतर होत नसे. मात्र लोकमत प्रकट होई. स्वातंत्र्यानंतर मंत्रिमंडळ लोकसभेस जबाबदार झाले. तेव्हा ही सूचना अपवादात्मक प्रसंगीच वापरावी, असा दंडक अध्यक्ष ग. वा. मावळंकर यांनी घालून दिला.

लोकसभेत या सूचनेस अध्यक्षांची संमती लागते. बाब एकच, निश्चित व अलीकडे घडलेली असावी. ती न्यायप्रविष्ट वा त्याच अधिवेशनात चर्चिलेली नसावी. परवानगीस हरकत घेतली गेल्यास किमान ५० सदस्यांनी उभे राहून पाठिंबा द्यावा लागतो. चर्चा साधारणतः दुपारी ४ वाजता सुरू होते व तीस किमान अडीच तास मिळतात.

विषय गंभीर असणे एवढेच पुरेसे नाही. बेकारी, महागाई यांसारखे प्रश्न गंभीर असले, तरी दीर्घकालीन असल्याने त्यांवर अन्य मार्गांनी चर्चा होऊ शकते. चर्चा पुढे ढकलल्यास ती निरर्थक ठरेल काय, हा तातडीचा खरा निकष होय. तातडीचा निर्णय अध्यक्षांच्या हाती असल्याने त्यांच्या निःपक्षपातीपणाची येथे कसोटी लागते.

सूचना संमत होणे ही शासनाची निर्भर्त्सना मानली जाते. तथापि त्यामुळे राजीनामा देणे बंधनकारक ठरत नाही. मंत्रिमंडळ राज्यसभेस जबाबदार नसल्याने त्या सभागृहात ही तरतूद नाही. निंदाव्यंजक नसलेली लक्षवेधी सूचना १९५४ पासून रूढ झाल्यावर तहकुबी सूचनेची निकड काहीशी कमी झाली.