वेळासची राखण

हातकणंगल्यातून जाणारा रत्नागिरी–नागपूर महामार्ग पश्चिमेला धरला, की आंबा घाट उतरून तो थेट समुद्राला भिडतो. तिथून किनाऱ्याने उत्तरेला जात राहिलं, की रत्नागिरी जिल्ह्याच्या अगदी टोकाशी, बाणकोटच्या खाडीजवळ, मंडणगड तालुक्यातलं वेळास लागतं. नाना फडणवीसांचं हे मूळ गाव. आता देशावरची माणसं मुलाबाळांना घेऊन तिथे जातात ती कासवाची पिल्लं पाहायला. ती पिल्लं समुद्रापर्यंत पोचतात यामागे वीसहून अधिक वर्षांची राखण आहे.

२००२ साली चिपळूणच्या ‘सह्याद्री निसर्ग मित्र’ संस्थेची मंडळी समुद्री गरुडांची पाहणी करत किनाऱ्याने हिंडत होती. वेळासच्या पुळणीवर त्यांना अंड्यांची टरफलं सापडली. चौकशी केल्यावर कळलं, की इथे ऑलिव्ह रिडले कासवं अंडी घालायला येतात आणि घरटी माणसं उकरून नेतात. काही अंडी खायला, काही विकायला. माणसांच्या नजरेतून सुटलेलं घरटं कुत्री आणि कोल्हे फस्त करत. १९७२ च्या वन्यजीव संरक्षण कायद्याने हे कासव पहिल्या अनुसूचीत घातलेलं आहे, पण रात्रीच्या पुळणीवर तो कायदा राबवायला माणूस नव्हता. संस्थेचे भाऊ काटदरे आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी वनखातं व ग्रामपंचायतीला सोबत घेतलं आणि गावातल्याच तरुणांना ‘कासवमित्र’ म्हणून मानधनावर राखणीला लावलं. घरटं हुडकण्याची नजर गावातच होती. पहिल्या हंगामात ५० घरटी राखली गेली आणि २,७३४ पिल्लं समुद्रात गेली.

राखणीचं काम पहाटेच्या अंधारात सुरू होतं. हंगाम साधारण नोव्हेंबर ते मार्च. मादी रात्री भरतीरेषेच्या वर येते, मागच्या पायांनी सुरईच्या आकाराचा दीडेक फूट खोल खड्डा खणते, शंभराच्या आसपास अंडी घालते, वाळू ढकलून अंगाने चोपून बसवते आणि परत जाते. मागे उरतो तो वाळूतला तिचा माग. कासवमित्राने तो माग कुत्र्याआधी गाठायचा, सगळी धडपड एवढ्यासाठी. माग सापडला, की काठीने किंवा हाताने अदमास घेत घरटं शोधायचं आणि अंडी काढून जाळीच्या कुंपणातल्या हॅचरीत न्यायची. घाई याचीही असते, की अंड्यातला गर्भ थोड्याच तासांत कवचाच्या वरच्या बाजूला चिकटू लागतो. त्यानंतर अंडं फिरवलं, की गर्भ मरतो. हॅचरीत तेवढाच खोल आणि त्याच आकाराचा खड्डा करून अंडी ठेवतात, वर तारीख आणि अंड्यांचा आकडा लावतात. पन्नासेक दिवसांनी वाळू खचू लागली, की त्यावर टोपली पालथी घालतात. पिल्लं हातात धरून पाण्यात सोडत नाहीत. समुद्रापासून थोड्या अंतरावर ठेवतात आणि उरलेली वाट ती आपली आपण चालतात.

या साऱ्यात कुत्र्याचा प्रश्न मला सर्वांत अवघड वाटतो. कोल्हा इथला जुना रहिवासी. कासव आणि कोल्हा यांचा हिशेब फार जुना आहे. कुत्रा माणसाबरोबर आला आणि माणसाच्या खरकट्यावर वाढला. रानातल्या शिकाऱ्याची शिकार घटली, की तोही घटतो. कुत्र्याला हे बंधन नाही. घरटी संपली तरी गावात भाकरतुकडा आहेच, म्हणून त्याची संख्या कमी होत नाही आणि घरट्यांना मोकळीक मिळत नाही. किनाऱ्यापासून दूर, सोलापूरजवळच्या नान्नजच्या माळावर अबी तमीम वनक यांनी कुत्रे आणि खोकड यांचा अभ्यास केला. कुत्रा जवळपास असला तर खोकड समोरचं अन्नही कमी खातं, असं त्यात दिसलं. कुत्र्याने चावा घेतला नाही तरी नुकसान होतंच.

हॅचरी ही मला मनापासून आदर वाटणारी, पण नाइलाजाने केलेली तडजोड वाटते. जागा कासवाने निवडलेली असते आणि आपण ती बदलतो. रिडलेच्या पिल्लाचं लिंग वाळूच्या उष्णतेवर ठरतं: ऊब जास्त असेल तर माद्या, कमी असेल तर नर. कुंपणातली वाळू किती तापते याची जबाबदारी मग माणसावर येते. जागा न बदलताही राखण करता येते. ऑस्ट्रेलियात इंग्रजांनी शिकारीच्या हौसेपायी युरोपातला लाल खोकड नेऊन सोडला, तो पुढे कासवाच्या घरट्यांवर उठला. क्वीन्सलंडमध्ये त्यावर उपाय म्हणून घरटं जागेवरच ठेवून वर जाळी बसवतात. आपल्याकडेही जिथे कुत्री आवरता येतील तिथे हाच रस्ता धरायला हवा. मात्र २०२३ च्या प्राणी जन्म नियंत्रण नियमांनुसार निर्बीजीकरण केलेला कुत्रा पकडला तिथेच परत सोडावा लागतो. पुळणीलगतच्या गावांसाठी हा पेच खरा आहे.

२००६ पासून वेळासला कासव महोत्सव भरतो. पाहुणे गावातल्या घरांत उतरतात, घरच्या जेवणाचे आणि राहण्याचे पैसे घरातच राहतात. त्यामुळे कासव जिवंत असण्यात गावाचा फायदा आहे, हे कोणाला समजावून सांगावं लागत नाही. आंजर्ले, केळशी, गुहागर, पुढे सिंधुदुर्गात वायंगणीपर्यंत ही राखण पसरली. पण पाहुण्यांबरोबर खरकटंही वाढतं आणि ते उघड्यावर पडलं तर कुत्र्यांचीच सोय होते. महोत्सवाचा हिशेब मांडताना पाहुण्यांच्या आकड्याइतकाच कचऱ्याच्या खड्ड्याचाही विचार व्हावा, असं माझं आग्रहाचं म्हणणं आहे.

राखणीने आता विज्ञानालाही हात दिला आहे. जानेवारी २०२२ मध्ये वेळासच्या किनाऱ्यावर ‘प्रथमा’ नावाच्या मादीच्या पाठीवर उपग्रह टॅग बसला. पश्चिम किनाऱ्यावर अंडी घालायला आलेल्या रिडलेचा प्रवास असा पाहायची ती पहिलीच वेळ. पूर्व आणि पश्चिम किनाऱ्यांवरची कासवं वेगवेगळी, असं तोवर धरून चालत. हा समज डळमळला तो जानेवारी २०२५ मध्ये, गुहागरला रात्री एक मादी अंडी घालताना दिसली तेव्हा. तिच्या पायावर धातूचा बिल्ला होता, क्रमांक ०३२३३. तो २०२१ साली ओडिशाच्या किनाऱ्यावर लावलेला होता. तिने १२० अंडी घातली, त्यातून १०७ पिल्लं बाहेर आली.