सीतेची आसवे

साताऱ्याच्या पश्चिमेस, समुद्रसपाटीपासून सुमारे १२०० मीटर उंचीवर कासचे पठार पसरलेले आहे. उन्हाळ्यात तेथे उघड्या, काळवंडलेल्या जांभ्या दगडावाचून फारसे काही दृष्टीस पडत नाही. श्रावण-भाद्रपदात मात्र हेच पठार नाना रंगांच्या रानफुलांनी नटते. त्यांतच निळसर जांभळ्या रंगाचे एक इवलेसे फूल असते. लोकांनी त्याला 'सीतेची आसवे' असे करुण नाव दिले आहे.

ही वनस्पती बहुधा वीतभरही उंच होत नाही. तिच्या बारीक देठावर मोजकीच फुले डुलत असतात. फुलाची खालची पाकळी पदरासारखी पसरट असून मध्यभागी पांढरा ठिपका असतो.

मुलांनो, हे नाजूक फूल मांसाहारी वनस्पतीचे आहे, असे सांगितले तर तुम्हांला नवल वाटेल! परंतु ते अगदी खरे आहे. जांभ्यावरील मातीचा थर अतिशय पातळ असतो. त्यातील सत्त्व पावसाच्या पाण्याबरोबर वाहून जाते. नत्र तर फारच थोडे उरते. ही उणीव भरून काढण्याची सोय निसर्गाने या वनस्पतीला दिली आहे.

तिला खरी मुळे नसतात. ओल्या मातीत तिचे धाग्यांसारखे अवयव पसरतात आणि त्यांवर अगदी बारीक पिशव्या असतात. पिशवी आतले पाणी बाहेर टाकते. त्यामुळे तिच्या भिंती आत ओढल्या जातात. तोंडाशी आत उघडणारे दार असते. एखादा सूक्ष्म जलजीव त्या दाराशी आला, की ते झटकन उघडते, पाणी आत शिरते आणि त्याबरोबर तो जीवही ओढला जातो. डोळ्याचे पाते लवते न लवते तोच दार मिटते! मग पाचक रसांनी त्या जीवाचे पचन होते व वनस्पतीला नत्र मिळते. चार्ल्स डार्विन यांनी कीटकभक्षक वनस्पतींवरील आपल्या १८७५ सालच्या ग्रंथात या वंशातील वनस्पतींचाही अभ्यास मांडला आहे.

पाऊस सरला, की माती वाळते आणि ही वनस्पतीही सुकून जाते. मागे उरते ते केवळ बी. बी धरण्यापूर्वीच ती पायदळी तुडवली गेली, तर पुढील वर्षी तेथे काय उगवावे? कोणी म्हणेल, ती उपटून बागेत लावू. पण बागेतील खतावलेली माती तिला मानवत नाही. ओली, निःसत्त्व जमीन हेच तिचे माहेर.

२०१२ साली पश्चिम घाटातील ज्या स्थळांना जागतिक वारशाचा मान मिळाला, त्यांत कासचे पठारही आहे. तेथे जाल तेव्हा आखलेल्या वाटेनेच चाला. फुले डोळे भरून पाहा. मात्र एकही तोडू नका.