लेखांक ७ : तारेतला तोतया

मागच्या वेळी आपण कितायेव्ह यांची २००१ सालची साखळी, म्हणजे टोपॉलॉजिकल अतिसंवाहक तारेचं गणिती प्रारूप, पाहिली. एकाच इलेक्ट्रॉनची जणू दोन अर्धुकं होऊन तारेच्या दोन टोकांना जाऊन बसतात. याच मायोराना अवस्था. मधल्या किरकोळ बिघाडाचा त्यांना उपद्रव होत नाही, असंही मी लिहून गेलो. सगळी गोम त्या ‘किरकोळ’मध्ये आहे.

साध्या अतिसंवाहकाचं मळाशी वाकडं नसतं. शिसं किंवा अ‍ॅल्युमिनियममध्ये बिगरचुंबकी अशुद्धी मिसळली तरी अतिसंवाहकता फारशी ढळत नाही, हे फिलिप अँडरसन यांनी १९५९ मध्ये दाखवलं. तिथल्या इलेक्ट्रॉनांच्या जोड्या सगळ्या दिशांना सारख्याच. टोपॉलॉजिकल तारेत मात्र उजवीकडच्या जोडीला अधिक चिन्ह, डावीकडचीला उणे. वाटेत परका अणू आला, इलेक्ट्रॉन त्यावर आपटून उलटा फिरला, की अधिक-उणे एकमेकांत कालवले जातात आणि बेरीज शून्याकडे घसरते. शिशात निरुपद्रवी असलेला अणू इथे घरफोड्या ठरतो.

किती मळ चालेल? एकेरी तारेच्या गणितात त्याचं नेमकं उत्तर निघतं. दोन धडकांमधलं सरासरी अंतर जोडीच्या स्वाभाविक लांबीच्या निम्म्याहून कमी झालं, की टोकाच्या मायोराना अवस्था गेल्या.

नुसत्या गेल्या असत्या तरी परवडलं असतं. त्याआधीची अवस्था जास्त चकवणारी. पावसानंतर गच्चीवर जागोजागी पाणी साचतं, तशी तार टोपॉलॉजिकल आणि साध्या तुकड्यांत विभागली जाते. प्रत्येक तुकड्याच्या दोन कडांना एकेक मायोराना. शेजारच्या दोघी एकमेकींना चाचपतात, पण अंतर असेल तर त्यांची ऊर्जा शून्याच्या अगदी जवळ राहते. अशा मळलेल्या तारेत शून्याजवळ अवस्थांची किती गर्दी होते, हे मोत्रुनिच, केदार दामले आणि ह्यूज यांनी २००१ मध्येच मांडलं. दामले आता मुंबईत, कुलाब्याच्या टाटा मूलभूत संशोधन संस्थेत आहेत. प्रयोग सुरू होण्याच्या दहाएक वर्षं आधीच इशारा छापून झाला होता!

२०१२ मध्ये डेल्फ्टच्या प्रयोगशाळेत इंडियम अँटिमोनाइडच्या तारेवर चुंबकीय क्षेत्रात मोजमाप झालं. तारेची जाडी शंभरेक नॅनोमीटर. आपला केस तिच्या कित्येक शे पट जाड. व्होल्टेज शून्यावरून नेताना वाहकतेच्या आलेखात एक सुळका उभा राहिला, आणि मायोराना सापडल्याची चर्चा जगभर झाली. खऱ्या मायोरानाच्या सुळक्याची उंची अतिथंड तारेत ठरलेली असते : सुमारे ७७.५ मायक्रोसीमेन्स. २०१८ च्या एका शोधनिबंधात ती उंची गाठल्याचा दावा होता. मार्च २०२१ मध्ये लेखकांनीच तो निबंध मागे घेतला.

पानिपतानंतर अवतरलेल्या भाऊसाहेबांच्या तोतयाने भल्याभल्यांना चकवलं. तारेतला सुळकाही तसाच, नुसता चेहरा. २०२० मध्ये पॅन आणि दास सरमा यांनी अशा सुळक्यांची ‘चांगले, वाईट, कुरूप’ अशी वर्गवारी केली. मळातून आपसूक उगवणारे ते कुरूप, आणि माझ्या मते नाव चुकलं. दिसायला ते फारच देखणे असतात. मापं थोडी जुळवून घेतली की उंचीही हवी तशी मिळते.

मग ओळख पटवायची कशी? एका टोकाला विचारून भागत नाही. खरा मायोराना असेल तर दुसऱ्या टोकालाही त्याच चुंबकीय क्षेत्रात जोडीदार उगवला पाहिजे, आणि त्याआधी तारेच्या पोटातली ऊर्जाफट (जिथे एकही अवस्था नसते ती ऊर्जेची पट्टी) मिटून पुन्हा उघडलेली दिसली पाहिजे. तोतयाचं टोक बहुधा एकटंच बोलतं. बहुधा म्हणतो, कारण नशिबाने दोन्ही टोकांना दोन वेगळे तोतये एकाच वेळी उभे राहू शकतात.

म्हणून मुळात मळच कमी करण्यासाठी आता कारागिरांचं लक्ष तारेच्या पृष्ठभागावर आहे, जिथे ऑक्साइडच्या थरात अडकलेले प्रभार बराच गोंधळ घालतात. पुढच्या आठवड्यात तार बाजूला ठेवून शिशावर ओळीने मांडलेल्या लोखंडाच्या अणूंकडे वळू.