खोकड, कुत्रा आणि माणसाचे यकृत

एकिनोकॉकस मल्टिलोक्युलॅरिस हा पट्टकृमी, म्हणजे चपट्या व खंडयुक्त शरीराचा परजीवी, जेमतेम 2 ते 4 मिलिमीटर लांब असतो आणि लाल खोकडाच्या आतड्यात तो हजारोंच्या संख्येने वाढला तरी खोकडाला त्याचा फारसा उपद्रव होत नाही. विष्ठेतून बाहेर पडलेली त्याची अंडी व्होल या उंदरासारख्या लहान प्राण्याच्या पोटात गेली की त्यांतून निघालेले डिंभ, म्हणजे कृमीची अपक्व अवस्था, व्होलच्या यकृतात वाढतात. तो व्होल खोकडाने किंवा कुत्र्याने खाल्ला की चक्र पूर्ण होते. माणूस या चक्रात चुकून सापडतो. दूषित पाणी, रानफळे किंवा कुत्र्याच्या केसांना चिकटलेली अंडी यांच्यावाटे संसर्ग झाला, तर डिंभ त्याच्या यकृतात कर्करोगासारखे पसरत जातात, परंतु लक्षणे दिसू लागेपर्यंत बहुधा पाच ते पंधरा वर्षे उलटलेली असतात आणि उपचार न मिळाल्यास बहुतेक रुग्ण दगावतात.

हा कृमी खोकडामार्फत पसरतो हे खरे असले, तरी त्याला दूरवर नेण्याचे काम अनेकदा माणसानेच केले आहे, आणि जपानच्या उत्तरेकडील रेबून बेटाचा इतिहास त्याचा अत्यंत बोलका पुरावा आहे. होक्काइदोच्या किनाऱ्यालगतच्या या बेटावर 1924 ते 1926 या काळात कुरील बेटांपैकी सिमुशिर येथून लाल खोकडांच्या 12 जोड्या आणून सोडण्यात आल्या. झाडांची नासाडी करणाऱ्या व्होलना आळा बसावा आणि कातडीही मिळावी, असा त्यामागचा हिशेब होता. खोकडांबरोबर कृमीही आला, बेटावर व्होल विपुल होतेच, आणि दशकभरातच पहिला रुग्ण आढळून पुढे ही संख्या सुमारे 130 वर गेली. अखेर बेटावरील खोकड आणि कुत्री नष्ट करण्यात आली, तेव्हा संसर्गाची साखळी तुटली. हा उपाय यशस्वी झाला, पण तो लहान बेटापुरताच शक्य होता आणि त्याची किंमत ज्यांनी मोजली ते प्राणी स्वतःहून तेथे आलेले नव्हते, याचा विसर पडू नये.

1965 साली होक्काइदोच्या पूर्व टोकावरील नेमुरो भागात हाच रोग आढळला आणि पुढील काही दशकांत तो संपूर्ण होक्काइदोभर पसरला. 1994 मध्ये असाहिकावा शहरातील असाहियामा प्राणिसंग्रहालयातील गोरिला आणि लेमूर या कृमीने दगावल्यामुळे ते संग्रहालय काही काळ बंद ठेवावे लागले. पिंजऱ्यात राहून व्होलची शिकार न करणाऱ्या प्राण्यांपर्यंतही अंडी पोहोचू शकतात, हे त्यातून उघड झाले. पर्यटक खोकडांना खाऊ घालतात तेव्हा माणूस आणि खोकड यांमधले अंतर आणखी कमी होते.

घर आणि रान यांमधला सर्वांत जवळचा दुवा मात्र कुत्रा आहे, कारण तो रानात व्होल खाऊन घरी परततो आणि संसर्ग झाल्यावर साधारण महिनाभरात अंडी टाकू लागतो. प्राझिक्वांटेल हे औषध त्याच्या आतड्यातील कृमी मारते, परंतु पुन्हा व्होल खाल्ला तर पुन्हा संसर्ग होतो. म्हणूनच जपानने 2004 पासून बाधित कुत्र्याची माहिती कळवणे पशुवैद्यांना बंधनकारक केले. पूर्व होक्काइदोतील कोशिमिझु भागात खोकडांच्या बिळांजवळ हेच औषध भरलेले आमिष ठेवले असता त्यांच्यातील संसर्ग घटला. प्राणी न मारता रोग हटवण्याचा हा मार्ग अधिक शहाणपणाचा वाटतो. मात्र आमिषे थांबली की आजूबाजूच्या भागातून कृमी परतू शकतो, म्हणून काम आणि खर्च दोन्ही चालूच ठेवावे लागतात.

महाराष्ट्रातील शल्यचिकित्सकांना परिचित असलेली हायडॅटिड गाठ, म्हणजे यकृतात वा फुप्फुसात होणारी पाण्याने भरलेली पिशवी, या कृमीच्या भाऊबंदामुळे, एकिनोकॉकस ग्रॅन्युलोससमुळे, होते. त्याचे चक्र मुख्यतः मेंढ्या, शेळ्या, गुरे आणि कुत्री यांच्यात फिरते. कापलेल्या जनावराचे गाठी असलेले यकृत वा फुप्फुस उघड्यावर टाकले आणि ते भटक्या कुत्र्यांनी खाल्ले की तेथूनच हे चक्र पुढे सरकते. अशा अवयवांची विल्हेवाट कुत्र्यांना पोहोचता येणार नाही अशा रीतीने लावणे, हा त्यावरचा सर्वांत स्वस्त उपाय आहे.